झुली संपल्या, येऊ नका

'नाही' असं लिहिण्याचा मला पगार मिळत असे. नोकरी काय केली असं कोणी विचारलं तर मी 'दुकानात होते' एवढंच सांगते, कारण खरं सांगायला बसलं की समोरचा चहा गार होतो. तेलंगणातल्या आदिलाबादच्या बाजारात पोळ्याचा साज, दोर आणि शेतीचं किरकोळ सामान विकणारं एक दुकान आहे. माझी उमेदीची सगळी वर्षं तिथे गेली. काउंटर सांभाळला, दोर मापून दिले, पण माझं मुख्य काम म्हणजे दुकानात काय आहे, किती आहे आणि काय संपलं, हे गिऱ्हाइकांना लिहून कळवायचं. आधी दाराशी काळा फळा होता. पुढे मोबाइल आले आणि गावोगावचे शेतकरी दुकानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपात आले. खडू गेला, बोट आलं, मजकूर तोच राहिला.

यात लिहिण्यासारखं असतं तरी काय, असं आमच्या शेठना कायम वाटत आलं. त्यांच्या मते दुकानाला आयुष्यभर एकच वाक्य पुरतं, आणि ते त्यांनी पेंटरकडून दारावर रंगवून घेतलं होतं: 'मर्यादित साठा, त्वरा करा'. त्या पाटीच्या मागे गोदामात नायलॉनचे दोर छताला टेकलेले. आम्ही दोघं म्हातारे होऊन मेलो असतो तरी ते संपले नसते. उन्हानं पाटीची अक्षरं फिकी पडली तेव्हा शेठनी ती पुन्हा रंगवून घेतली. नार्नूरकडचं एक जुनं गिऱ्हाईक दरवर्षी दारात थांबून, मान वर करून, अगदी गंभीरपणे मला विचारायचं, "अक्का, त्वरा चालूच हाय का अजून?"

बाहेरच्या माणसाला म्हणून सांगते. आमचं गिऱ्हाईक गल्लीतलं नव्हतं. नार्नूरच्या पलीकडच्या गावातून बाजाराला यायचं म्हणजे सकाळची बस धरायची, शेतातलं काम दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं आणि दिवस मोडायचा. पोळ्याच्या दिवसांत शेतात कपाशीचं निंदण चालू असतं. अशा माणसाला दुकानाचा निरोप कशासाठी हवा? जावं की न जावं एवढं ठरवण्यासाठी. म्हणून निरोपात वस्तूचं नाव हवं, एकाला किती मिळेल ते हवं, कधीपर्यंत मिळेल ते हवं. माल संपला असेल तर 'संपला' हवं, आणि पुन्हा यायचा नसेल तर तेही हवं. एवढं लिहिलं की माझं काम झालं. ते मराठीत लिहायचं, मग तेलुगूत, मग हिंदीत. तेलुगूतलं 'लेदू', हिंदीतलं 'नहीं है' आणि मराठीतलं 'नाही', तिन्ही मी इतक्या वेळा लिहिले आहेत की माझ्याकडे उसनं मागायला नातेवाईकसुद्धा जपून येतात.

शेठचे लाडके शब्द मात्र निराळेच. 'लवकरच येत आहे' हा त्यातला पहिला. शेठचं 'लवकरच' म्हणजे माल अजून मागवलेला नाही. 'थोडाच शिल्लक' म्हणजे गोदामात पाय ठेवायला जागा नाही. 'खास आपल्यासाठी राखून ठेवला आहे' म्हणजे कोणी घेतला नाही. मी हे शब्द खोडायची, ते पुन्हा घालायचे. आमच्या दोघांची नोकरी अशी एकमेकांवर चालायची.

गिऱ्हाईकही काही साधं नव्हतं. ग्रुपावर मी लिहायची, 'पितळी घुंगरमाळा आल्या', की खाली अंगठ्यांची रांग लागायची. मी समजायची, वाचलं. ते समजायचे, माल आपल्या नावानं बाजूला ठेवला गेला. मग आठवड्यानं एकेक जण यायचा आणि 'मी अंगठा देला होता ना' म्हणून भांडायचा. जुन्या दफ्तरात अंगठा लावून जमिनी इकडच्या तिकडे झालेल्या, त्यामुळे त्यांचंही काही चुकत नव्हतं. शेवटी मी प्रत्येक निरोपाखाली एक ओळ कायमची घातली: 'अंगठा पाठवला म्हणजे माल राखला असं नाही.' त्या ओळीलाही लोक अंगठा द्यायचे.

आणि पोशेट्टीमामा. हे शहराला लागून असलेल्या मावला गावचे, माझ्याच गल्लीतले, घरी तेलुगू, बाजारात मराठी. 'नाही' हा शब्द वाचला की यांना खात्री पटायची की आत माल आहे. आयुष्यभर सरकारी खिडक्यांसमोर उभं राहून ते एवढं शिकले होते की 'नाही' हे दुसऱ्यांसाठी असतं. फळ्यावर 'वेसण संपली' लिहिलं की मामा हजर. स्टुलावर बसायचे, पाणी मागायचे, आणि हळूच म्हणायचे, "अक्का, बोर्डावर नाही हाय. अंदर तं हाय ना?" मी त्यांना गोदामात नेऊन रिकामी फळी दाखवायची. ते फळीवर हात फिरवून बघायचे. पुढे पुढे त्यांना काही घ्यायचंच नसायचं, नुसती खात्री करायला यायचे. माझं 'नाही' खरं निघतं हे त्यांनी मग गावभर सांगितलं, आणि लोक निरोपाखाली माझं नाव शोधू लागले. तेव्हापासून प्रत्येक निरोपाच्या शेवटी 'सुमनअक्का' असं लिहिलेलं असायचं. शेठना यात धंदा दिसला. मला जबाबदारी दिसली.

आता झुलींकडे येते. पोळ्याला बैलाच्या पाठीवर घालतात ती झूल. एका वर्षी व्यापाऱ्यानं माल कमी पाठवला. शेठ नुकतेच शहरातल्या एका मोठ्या मॉलमधून फिरून आलेले, तिथे साखरेवर 'एका ग्राहकास एकच' अशी चिठ्ठी पाहिलेली. ती त्यांना भारी आवडली. फर्मान निघालं: एका गिऱ्हाइकाला एकच झूल. मी म्हटलं, शेठ, बैल जोडीनं असतो, एकाला सजवून दुसऱ्याला उघडा न्यायचा का? शेठ म्हणाले, दोन पाहिजेत तर दोघांनी यावं. बैलांच्या साजावर पोट भरणाऱ्या माणसानं हे म्हणावं म्हणजे कमाल होती. मग दोघं यायला लागले. नवरा-बायको आले, सासरा आला, आयुष्यात बैलाचा कासरा न धरलेले शेजारी आले. प्रत्येकाच्या हातात एकेक झूल, एकाची लाल, एकाची हिरवी. मग आमच्याच पायऱ्यांवर बाजार भरला, लाल देऊन हिरवी घेणाऱ्यांचा. दोन भाऊ तिथेच रंगावरून बोलेनासे झाले. दुपारी शेठ नरमले आणि मी फळा पुसून लिहिलं: 'एका बैलजोडीला झुलींचा एक जोड.' लगेच दोन शेतकरी पुढे आले. दोघांकडे एकेकच बैल, पेरणीला सावड करून जोडी जमवायचे. त्यांनी विचारलं, आम्ही कोणत्या ओळीत बसतो? मी 'सावडीची जोडीसुद्धा' असं खाली वाढवलं. नियम लिहिणाऱ्यानं आधी बैल बघावा, एवढंच मी यातून घेतलं. शेठनी काहीच घेतलं नाही.

दुकानाच्या दारात दोन सागवानी बैल होते, खऱ्या बैलाच्या मापाचे. शेठच्या वडिलांनी करवून घेतलेले. दरवर्षी नव्या मालातल्या सगळ्यात सुंदर दोन झुली त्यांच्या पाठीवर चढायच्या, मखमली, आरशांच्या, काठाला गोंड्यांची झालर. त्या विकायच्या नाहीत असा शेठचा दंडक होता. तो नमुना. पोळा झाला की झुली उतरायच्या आणि शेठच्या घरी पलंगावर अंथरल्या जायच्या.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या पोळ्याला झुली फारच कमी आल्या. ट्रॅक्टर वाढले, बैल घटले, व्यापारी माल पाठवायला तयार नाहीत. पोळ्याच्या दोन दिवस आधी दुपारीच सगळ्या खपल्या. मी ग्रुपावर लिहिलं: 'झुली संपल्या. पोळ्याआधी येणार नाहीत. झुलीसाठी येऊ नका. गोंडे, वेसण, दोर आहेत. सुमनअक्का.' माझ्या मते हा मी लिहिलेला सगळ्यात चांगला निरोप होता.

शेठनी तो वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "सुमनबाई, दुकानदारानं गिऱ्हाइकाले येऊ नका म्हनावं का? लोक देवळात काही मिळत नाही तरी जातेतच ना." मी म्हटलं, देवळात जाणाऱ्याला देव आहे असं कोणी कळवत नाही. दुकानाचा मोबाइल संध्याकाळी त्यांच्याकडेच असायचा, आणि मी माझ्या वाटेनं शेअर ऑटोत बसून मावल्याला गेले.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी, मी आले तर दुकानासमोर ही गर्दी. नार्नूरची बस सगळी आमच्याच दारात रिकामी झाल्यासारखी. एकानं मोबाइल माझ्यापुढे धरला. माझ्या निरोपाच्या जागी 'हा संदेश हटवला आहे' असं दिसत होतं, आणि त्याखाली नवा निरोप: 'झुली थोड्याच शिल्लक. आजच या. त्वरा करा. सुमनअक्का.' शेठनी माझा निरोप पुसला होता आणि माझं नाव ठेवलं होतं. लोकांनी सरळ हिशोब केला. 'नाही' पुसलं गेलं, म्हणजे 'आहे' झालं. शेठ गल्ल्यावर बसून गर्दीला गोंडे दाखवत होते. मी विचारलं तर हलक्या आवाजात म्हणाले, आले आहेत तर काहीतरी घेऊन जातील, दोर तरी खपतील.

गर्दीत पुढेच गिरिजाबाई उभी होती. ही नार्नूरच्या पुढच्या एका खेड्यातली, नवरा गेल्यावर शेती स्वतः बघणारी. तिच्या गावात पोळ्याच्या तोरणाखालून पहिली जोडी न्यायचा मान घरोघर फिरतो, आणि त्या वर्षी तो तिच्या घरी आला होता. बाईच्या हाती कासरा द्यायचा का, यावर गावात बरंच बोलणं झालं होतं. शेवटी गाव हो म्हणालं. तिच्या जुन्या झुली उंदरांनी खाल्लेल्या. हे सगळं तिनं मला आठवडाभर आधी फोनवर सांगितलं होतं. पहिल्या जोडीनं उघड्या पाठीनं तोरणाखालून जायचं म्हणजे नको म्हणणाऱ्यांच्या हातात आयतं कोलीत.

मी तिच्यापुढे गेले आणि सांगितलं की झुली नाहीत, कालच संपल्या. ती रागावली नाही. तेच मला जास्त लागलं.

"काल तुमी नाही लिवलं, तवा म्या भावाकडं फोन केला," ती म्हणाली. "त्याच्या झुली मागून ठेवल्या होत्या. मंग सकाळी तुमचं नाव पाह्यलं. म्हटलं, अक्का लिवते तं असतीलच. भावाले सांगतलं, राहू दे. त्यानं त्या दुसऱ्याले देल्ल्या. आता मी कुठं जाऊ?"

माझ्या 'नाही'मुळे तिचं काम झालेलं होतं. शेठच्या 'आहे'मुळे ते मोडलं, आणि खाली नाव माझं. शेठनी ऐकलं असावं, कारण ते गल्ल्यावरून उठून आले, हातात गोंड्यांचा जुडगा घेऊन. म्हणाले, बाई, आजकाल झुली कोण घालतं, गोंडे घ्या, बैल उठून दिसतो.

गिरिजाबाईनं गोंड्यांकडे पाहिलंही नाही. "शेठजी," ती म्हणाली, "आज सांजेले आमी बैलाचे खांदे हळदी-तुपानं चोळू अन् कानात सांगू, आज आवतण घ्या, उद्या जेवाले या. बैलाले वाचता येत नाही. तो कोनाले विचाराले जात नाही. पन आवतण देल्लं अन् चूल पेटवली नाही, असं आमच्या गावात कोनी केलं नाही. तुमी तं वाचनाऱ्या मानसाले बोलावलं."

शेठ गोंडे घेऊन तसेच उभे. तिचं बोलणं ऐकताना मला माझ्या सगळ्या निरोपांची लाज वाटली. आवतणात सगळं होतं: कोणाला, कधी, कशाला. आणि ज्यानं दिलं त्याच्या घरी पुरण शिजत होतं.

माझी नजर दाराकडे गेली. सागवानी बैल नेहमीसारखे उभे होते, मखमल पांघरून.

मी गर्दीतल्या त्या माणसाचा मोबाइल मागितला आणि शेठचा निरोप मोठ्यानं वाचला. 'झुली थोड्याच शिल्लक. आजच या.' मग मी म्हटलं, शेठनी लिहिलं ते खरं आहे, शिल्लक आहेत, दोन आहेत. आणि बैलांकडे बोट दाखवलं.

शेठचा चेहरा बघण्यासारखा झाला. ते म्हणाले, "त्या नमुन्याच्या हायेत, सुमनबाई. इकाच्या नाहीत."

स्टुलावर पोशेट्टीमामा होतेच, रोजच्यासारखे, खात्री करायला आलेले. त्यांनी मोबाइल डोळ्यांशी नेला, पुन्हा लांब धरला आणि म्हणाले, "शेठ, याच्यात नमुना लिवला नाई."

गर्दी हसली, पण ते हसू काही चांगलं नव्हतं. आता शेठपुढे दोनच वाटा होत्या. आपण खोटं लिहिलं असं एवढ्या लोकांसमोर म्हणायचं, नाहीतर लिहिलेलं खरं करायचं. त्यांचं ठरेपर्यंत मी बैलांच्या पाठीवरून झुली उतरवायला लागले. कोणीतरी मागून ओरडलं की आम्ही पण आलो आहोत, आम्हाला का नाही? त्याचं बरोबर होतं. तेव्हा दोन जोड्यांचा एक मोठा शेतकरी, तोही झुलीसाठीच आलेला, म्हणाला, "तोरणाखालची पयली जोडी हाय तिची. देऊन टाका बाईले." ओरडणारा बाजूला सरकला. शेठनी इतर झुलींचाच भाव लावला, आणि तोही असा सांगितला जणू दात काढून देत आहेत. गिरिजाबाईनं झुली घडी करून डोक्यावर घेतल्या आणि परतीची बस धरायला निघाली.

बाकीचे रिकाम्या हातांनी गेले. याची मला आजही चुटपुट लागते. एका बाईची गोष्ट मी रंगवून सांगते आणि ऐकणारे वाहवा करतात, पण त्या दिवशी निंदण टाकून आलेल्या, उन्हात उभं राहून परत गेलेल्या माणसांची नावं मला माहीत नाहीत. त्यांच्यापैकी काहींनी जाताना शेठना जे ऐकवलं ते छापता येणार नाही. काहींनी मला ऐकवलं, आणि नाव माझं होतं म्हणून मी ऐकून घेतलं. लाकडी बैल संध्याकाळपर्यंत उघडेच उभे होते. मी फळा काढून पुसला आणि कितीतरी वर्षांनी खडूनं लिहिलं: 'झुली दोन होत्या. गेल्या. येऊ नका.' शेठनी तो वाचला, पण पुसला नाही.

निवृत्त होताना मी त्यांच्याकडे एकच गोष्ट मागितली, ती म्हणजे माझं नाव. निरोपाखाली आता ते नको. शेठ म्हणाले, नक्की, नक्की. आता मला घरी बसून ग्रुपात दिसतं ते काय? 'मर्यादित साठा, त्वरा करा. सुमनअक्का.' दोर अजून छताला टेकलेलेच असणार. मी फोन केला की शेठ म्हणतात, सवयीनं गेलं असेल. सवय त्यांची, नाव माझं.

गेल्या पोळ्याच्या आधी असाच एक निरोप आला. झुली थोड्याच, आजच या, वगैरे. मी ताकाचा पेला हातात घेऊन ओट्यावर बसले होते. तेवढ्यात गिरिजाबाईचा निरोप ग्रुपावरच आला, सगळ्यांना दिसेल असा. आवाज भरून पाठवलेला: "अक्का, हे तुमी लिवलं का?"

मग दुसऱ्या कोणी तेच विचारलं, मग तिसऱ्यानं. सगळा ग्रुप शेठना सोडून मला विचारत होता. पेला बाजूला ठेवला आणि मी लिहिलं, तिन्ही भाषांत, नेहमीसारखं. लेदू. नहीं. नाही.

आयुष्यभर या शब्दाचा पगार घेतला. हा तेवढा फुकट दिला. खाली अंगठ्यांची रांग लागली, आणि दुसऱ्या दिवशी नार्नूरच्या बसमधून आमच्या बाजारात झुलीसाठी कोणीही उतरलं नाही, असं पोशेट्टीमामा सांगत आले. ते मात्र गेले होते, खात्री करायला.